मुंबईत ॲबसिंथची कॉकटेल्स कुठे आणि कशी प्यावीत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: परदेशात आपण सॅझरॅक हे व्हिस्कीचे कॉकटेल प्यायलात, त्यातील ॲबसिंथ या बडीशेपेच्या वासाच्या तीव्र मद्याचा वास मनात राहिला, आणि आता मुंबईत अशी कॉकटेल्स कुठे मिळतील, येथे मिळणारे ॲबसिंथ अस्सल असते का, आणि ते पिणे कायद्याला व प्रकृतीला चालते का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मुंबईतील बारच्या काउंटरमागे आणि पुढे नव्या बारटेंडरांना शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल. पण नुसती चार नावे देऊन आपले काम भागणार नाही, असे मला वाटते.

न्यू ऑर्लीन्समध्ये किंवा पॅरिसमध्ये ॲबसिंथलाच वाहिलेल्या बारची जशी परंपरा आहे, तशी मुंबईत नाही. त्यामुळे 'ॲबसिंथ मिळणारा बार' अशा दृष्टीने शोध घेतलात, तर बहुधा हिरवेगार शॉट, पेटवलेली साखर आणि कान किटवणारे संगीत एवढेच हाती लागेल. आपल्याला जे हवे आहे ते वेगळ्या ठिकाणी असते. सॅझरॅक, कॉर्प्स रिव्हायव्हर नंबर २, टक्सिडो नंबर २, मंकी ग्लँड या जुन्या पेयांमध्ये ॲबसिंथ आमटीतील हिंगाइतकेच पडते: चमचाभर नव्हे तर थेंबांत, आणि तरीही ते नसेल तर पहिल्याच घोटाला कळते. म्हणून ज्या बारमध्ये जुनी कॉकटेल्स नीट बनतात तो बार शोधावा. तेथे मेनूवर ॲबसिंथचे नाव नसले, तरी काउंटरखालच्या फळीवर एखादी बाटली बहुतेक वेळा असतेच.

दक्षिण मुंबईत सुरुवात करायची, तर ताजमहाल पॅलेसमधील हार्बर बारपासून करावी. १९३३ साली सुरू झालेला हा बार मुंबईतील पहिला परवानाधारक बार म्हणून सांगितला जातो, आणि जुन्या पद्धतीची कॉकटेल्स मागवण्यासाठी ती जागा शोभते. येथे एक सावधगिरी बाळगावी. बारच्या जन्मवर्षाच्या नावाने तेथे जे प्रसिद्ध पेय दिले जाते, त्यात ज्वाला दिसते आणि हिरवे मद्यही असते, म्हणून अनेक पाहुणे ते ॲबसिंथचेच समजून पितात आणि तसे चार जणांना सांगतातही. ते हिरवे मद्य शार्ट्रूझ असते. शार्ट्रूझ हे फ्रान्समधील मठवासीयांचे गोड वनौषधी लिकर आहे आणि ॲबसिंथशी त्याचे नाते फार तर रंगाचे. ते पेय आवडीने प्यावे, पण आपल्या शोधात ते मोजू नये; सॅझरॅक वेगळे मागवावे.

फोर्ट आणि काळा घोडा हा पट्टा गेल्या काही वर्षांत कॉकटेलच्या दृष्टीने पुष्कळ सुधारला आहे. दादाभाई नौरोजी रस्त्यावरील किताब महालमधील 'एका' आणि काळा घोडा येथील 'अमेरिकानो' या दोन्ही ठिकाणी बारकडे जेवणाइतकेच लक्ष दिले जाते. महालक्ष्मीला शक्ती मिलच्या गल्लीत, लक्ष्मी वूलन मिलच्या आवारात 'मास्क' आहे आणि त्याच मंडळींचा 'पॅराडॉक्स' हा बारही आहे. लोअर परळला कमला मिलमधील 'द बॉम्बे कँटीन' आणि वांद्रे-कुर्ला संकुलातील त्यांचेच 'ओ पेद्रो' यांचा स्वतःचा मेनू देशी चवींभोवती फिरतो, त्यामुळे तेथे ॲबसिंथ ठळकपणे दिसेलच असे नाही. परंतु मेनूबाहेरचे क्लासिक पेय नम्रपणे मागितले तर ते समजून घेणारी माणसे अशाच बारमध्ये भेटतात. वरळी आणि लोअर परळ येथील पंचतारांकित हॉटेलांच्या बारचा फायदा वेगळा आहे. त्यांचा साठा मोठा असतो आणि परदेशी पाहुण्यांमुळे न खपणारी बाटलीही ते ठेवतात. तोटा बिलात दिसतो.

वांद्र्याविषयी मी मुद्दाम हात आखडता घेतो. पाली नाका ते हिल रोड या टापूत छोटे, चांगले बार उघडतात आणि तितक्याच झपाट्याने बंद होतात किंवा त्यांचा मुख्य बारटेंडर दुसरीकडे जातो, आणि तो गेला की पेयही त्याच्याबरोबर जाते. त्यामुळे वांद्र्यात बारपेक्षा माणसाचा माग ठेवावा. अंधेरी-वर्सोव्याकडे ॲबसिंथ मिळते ते बहुतांशी शॉटच्या रूपात. दादर, लालबाग, गिरगावातील परमिट रूमवर माझे प्रेम आहे, आणि तेथील कोळंबी व थंड बिअरला तोड नाही. पण तेथे ॲबसिंथ विचारून वेटरला संकटात टाकू नये.

मेनू दर काही महिन्यांनी बदलतात आणि आयात केलेली बाटली संपली की पुढची कधी येईल याचा भरवसा नसतो, म्हणून वरीलपैकी कोठेही जाण्यापूर्वी फोन करावा. संध्याकाळी सहाच्या सुमारास, गर्दी होण्याआधी करावा आणि व्यवस्थापकाऐवजी बारवरील माणसाशी बोलू द्या असे सांगावे. कोणत्या कंपनीचे ॲबसिंथ आहे, सॅझरॅकसाठी पेशॉज बिटर्स (थेंबांनी घालायचा कडू अर्क) आहेत का, आणि राय या धान्याची व्हिस्की आहे का, एवढे विचारले तरी पुरते. समोरचा थांबून, बाटली पाहून येऊन उत्तर देत असेल तर जरूर जावे. 'सर, फ्लेमिंग शॉट आहे' असे उत्तर आले, तर आभार मानून फोन ठेवावा.

आता सॅझरॅकविषयी सविस्तर लिहितो, कारण बारची परीक्षा घ्यायला याहून चांगले पेय मला माहीत नाही. हे न्यू ऑर्लीन्सचे पेय आहे. आरंभी ते कोन्याक या फ्रेंच ब्रँडीत बनत असे, असे सांगितले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलॉक्सेरा या किडीने युरोपातील द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्यावर कोन्याक दुर्मीळ झाले आणि त्याची जागा अमेरिकी राय व्हिस्कीने घेतली. अमेरिकेत १९१२ मध्ये ॲबसिंथवर बंदी आली, तेव्हा तेथील लोकांनी ॲनिसची (बडीशेपेसारख्या वासाच्या बियांची) पर्यायी मद्ये वापरली. १९३४ साली बाजारात आलेले हर्बसेंट त्यातलेच. २००८ मध्ये लुइझियाना राज्याच्या विधिमंडळाने सॅझरॅकला न्यू ऑर्लीन्सचे अधिकृत कॉकटेल ठरवले.

ते पाहायचे असेल तर टेबलावर न बसता काउंटरवर बसावे. बारटेंडरने जाड बुडाचा एक लहान ग्लास बर्फ घालून थंड करत ठेवला पाहिजे. दुसऱ्या ग्लासात साखरेचा खडा पेशॉज बिटर्सच्या तीन-चार डॅशमध्ये (बाटलीच्या झटक्यांत) विरघळवून, त्यात ६० मिली राय किंवा कोन्याक घालून, बर्फासह शेक न करता चमच्याने ढवळले पाहिजे. मग पहिल्या ग्लासातील बर्फ फेकून त्यात थोडे ॲबसिंथ घालायचे, ग्लास फिरवून आतली सगळी बाजू ओली करायची आणि उरलेले ओतून टाकायचे. त्या ग्लासात ढवळलेले मद्य गाळून घ्यायचे. वर लिंबाच्या सालीचे तेल उडवायचे. ग्लासात बर्फ नसतो. एवढ्या कामात पेयाची चव तीन ठिकाणी घसरू शकते, आणि मुंबईत ती बहुतेक याच तीन ठिकाणी घसरते.

पहिली जागा व्हिस्कीची. राय मिळत नाही म्हणून बूर्बाँ ही मक्याची अमेरिकी व्हिस्की वापरली जाते. ती गोड असल्याने पेय थोडे सुस्त होते, पण हे मी चालवून घेतो. दुसरी जागा बिटर्सची. पेशॉजऐवजी अँगोस्टुरा हे दुसरे बिटर्स घातले की दालचिनी-लवंगेचा वास पुढे येतो आणि ॲबसिंथ दबते. हे मात्र खटकते. तिसरी जागा लिंबाची. आपले कागदी लिंबू पातळ सालीचे असते आणि त्याच्या सालीचा वास सॅझरॅकला हवा असतो त्याहून तीक्ष्ण व कडसर असतो. या पेयाला जाड पिवळे लेमन हवे. क्रॉफर्ड मार्केटमध्ये आयात फळे विकणाऱ्यांकडे ते मिळते, म्हणून न मिळण्याची सबब मी मानत नाही. ॲबसिंथ फेकून देण्याऐवजी काही बार ते फवारणीच्या छोट्या बाटलीतून ग्लासात उडवतात. काही जाणकार याला नाके मुरडतात. आयात स्पिरिटवर दीर्घकाळ १५० टक्के सीमाशुल्क आणि त्यावर राज्याचे कर असताना प्रत्येक ग्लासामागे पाच मिली मोरीत ओतणे बारमालकाला परवडत नाही, आणि वास फवारणीनेही पुरेसा येतो, असे माझे मत आहे.

सॅझरॅकमध्ये बर्फ नसल्यामुळे मुंबईच्या दमट हवेत ग्लास बाहेरून लगेच घामेजतो आणि पेय कोमट होऊ लागते. ते उघड्या गच्चीवर मागवू नये. वातानुकूलित बारमध्ये, पंधरा मिनिटांत संपवण्याच्या बेताने मागवावे.

सॅझरॅक नीट आले, तर दुसऱ्या फेरीला कॉर्प्स रिव्हायव्हर (म्हणजे 'मुडदा उठवणारे') नंबर २ घ्यावे. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलातील बारटेंडर हॅरी क्रॅडक यांनी १९३० साली छापलेल्या कृतीमुळे हे पेय जगभर गेले: जिन, क्वांत्रो (संत्र्याच्या सालीचे गोड मद्य), लिलेट (फ्रान्सची सुगंधी वाइन) आणि लिंबाचा रस समप्रमाणात, वर ॲबसिंथचा एक डॅश. एकामागोमाग चार घेतल्यास उठवलेला मुडदा पुन्हा आडवा होईल, असा इशाराही त्यांनी देऊन ठेवला आहे, आणि तो नुसता विनोद नाही. येथेही कागदी लिंबाचा प्रश्न येतो, कारण त्याचा रस अधिक आंबट असतो आणि समप्रमाण पाळले की बाकीच्या चवी मरतात. हुशार बारटेंडर रस थोडा कमी घालतो. तो तसे करतो का, हे घोट घेतल्यावर विचारायला हरकत नाही. चांगल्या बारटेंडरला असा प्रश्न आवडतो. जिन मात्र आता देशीही उत्तम मिळते, त्यासाठी परदेशी बाटलीचा हट्ट धरू नये.

ॲबसिंथ अधिक प्रमाणात असलेल्या पेयांपैकी मुंबईच्या हवेला सर्वांत मानवतात ती दोन. ॲबसिंथ फ्रापे हे चुरलेल्या बर्फावरचे पुदिन्याचे पेय एकोणिसाव्या शतकातील न्यू ऑर्लीन्सचे आहे आणि ते शहरही उकाड्यासाठी प्रसिद्ध असल्याने मे महिन्याच्या मुंबईत ते परके वाटत नाही. दुसरे ग्रीन बीस्ट: ॲबसिंथ, लिंबाचा रस आणि साखरेचा पाक प्रत्येकी एक भाग, पाणी चार भाग, आणि काकडीच्या पातळ चकत्या. हे जगमध्ये करून चार-पाच जणांत वाटून प्यायचे पेय आहे. बारला आगाऊ कळवले तर बहुतेक जण करून देतात, कारण त्यात लिलेटसारखे दुर्मीळ काही लागत नाही.

अमेरिकी लेखक हेमिंग्वे यांच्या नावे सांगितले जाणारे 'डेथ इन द आफ्टरनून' हे पेय म्हणजे ॲबसिंथवर ओतलेली थंड शँपेन. त्यांनी १९३५ साली दिलेल्या कृतीत एक पूर्ण जिगर (बारमधील मद्याचे माप) ॲबसिंथ आहे आणि अशी तीन ते पाच हळूहळू प्यावीत असे सुचवले आहे. हे अंधानुकरण करण्याजोगे नाही. जिगरऐवजी १५ मिली ॲबसिंथ पुरते, आणि शँपेनऐवजी नाशिक जिल्ह्यातील चांगली ब्रूट, म्हणजे गोड नसलेली, स्पार्कलिंग वाइन वापरली तर पेय बिघडत नाही. ॲबसिंथच्या वासापुढे महाग शँपेनचे बारकावे टिकत नाहीत.

कॉकटेल नको, ॲबसिंथच हवे असेल, तर पाण्याबरोबरची जुनी पद्धत मागावी. छिद्रांच्या चमच्यावर साखर ठेवून तिच्यावरून बर्फगार पाणी थेंबथेंब सोडतात आणि ॲबसिंथ हळूहळू दुधाळ होते. ॲनिस व बडीशेपेतील ॲनेथॉल हे तेल तीव्र मद्यात विरघळते, पाण्यात विरघळत नाही. मद्याची तीव्रता उतरली की ते सूक्ष्म थेंबांच्या रूपाने वेगळे होते आणि प्रकाश विखुरतो. प्रमाण एकास तीन ते पाच. हिशेब करायचा तर ६८ टक्के तीव्रतेच्या ३० मिली ॲबसिंथमध्ये १२० मिली पाणी घातल्यावर पेयाची तीव्रता सुमारे साडेतेरा टक्के, म्हणजे वाइनएवढी होते. हेच ३० मिली नुसते शॉट म्हणून घेतले, तर आपल्याकडील ४२.८ टक्के तीव्रतेच्या व्हिस्कीच्या जवळजवळ ४८ मिलीइतका अल्कोहोल एका घोटात पोटात जातो. पाणी टाकणे हा नाजूकपणा नसून हे पेय बनलेच तसे आहे. साखर आवडत नसेल तर घालू नये. चांगल्या ॲबसिंथला तिची गरज नसते.

साखर पेटवण्याचा प्रकार जुना नाही. तो १९९० च्या दशकात चेक प्रजासत्ताकातून पसरला, आणि हलक्या मालाची चव झाकायला तो सोयीचा ठरला. जळालेल्या साखरेने वनस्पतींचा वास मरतो आणि तीव्र मद्य काउंटरवर पेटवणे धोक्याचे असते. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या आवारातील आगीत १४ जणांचे प्राण गेले, हे या शहरातील बारच्या धंद्यातील माणूस विसरू शकत नाही. पेटवण्याचा आग्रह झाला तर स्पष्ट नको म्हणावे.

बाटली अस्सल आहे का, हे कसे ओळखावे? ॲबसिंथ म्हणजे ग्रँड वर्मवुड ही कडू वनस्पती, ॲनिस आणि बडीशेप यांच्यासह ऊर्ध्वपातन केलेले मद्य. त्याचा उगम स्वित्झर्लंडमधील वाल-द-त्राव्हेर या खोऱ्यातला. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथील कूव्हे गावात त्याचा कारखाना निघाला आणि १८०५ साली पेर्नो यांनी सीमेपलीकडे फ्रान्समधील पाँतार्लिए येथे नवा कारखाना काढला. हिरव्या प्रकाराचा रंग ऊर्ध्वपातनानंतर भिजवलेल्या वनस्पतींच्या हरितद्रव्याचा असतो, त्यामुळे तो फिकट, किंचित पिवळसर असतो आणि उजेडात राहिल्यास तपकिरी होत जातो. चमकदार पुदिना-सरबतासारखा हिरवा रंग दिसला, तर लेबलवर ई१०२ आणि ई१३३ हे क्रमांक शोधावेत. तो पिवळ्या व निळ्या कृत्रिम रंगांचा मेळ असतो. रंग घातला म्हणजे माल वाईटच असतो असे नाही, पण अशी बाटली मिळाल्यास माझी अपेक्षा कमी होते. रंगहीन स्विस प्रकारही असतो आणि तो कॉकटेलमध्ये फार चांगला लागतो. क्यूब्लर हे त्यातील जुने नाव, तीव्रता ५३ टक्के. पेर्नो ॲबसिंथ ६८ टक्क्यांचे असते. त्याच कंपनीची पेर्नो नावाची ४० टक्क्यांची साधी ॲनिस बाटलीही असते आणि बारमध्ये नेमका तेथेच घोळ होतो. बाटली हातात घेऊन 'ॲबसिंथ' हा शब्द छापलेला आहे का, हे पाहावे.

पाणी घातल्यावर दुधाळ होते म्हणून ते ॲबसिंथ, असे मात्र समजू नये. पास्तिस, ऊझो, अरक ही सगळी ॲनिसची मद्ये दुधाळ होतात. पास्तिसमध्ये जेष्ठमध आणि साखर असल्याने ते जिभेवर गोड व जाड लागते. ॲबसिंथमध्ये बडीशेपेच्या वासामागून वर्मवुडचा कोरडा कडवटपणा येतो. याउलट पाणी घालूनही काहीच बदल झाला नाही, तर त्यात ॲनिस जवळपास नाहीच. बारमध्ये निळ्या दिव्यांसमोर शोभेसाठी मांडलेली हिरवी बाटली दिसली की तिच्यातील पेय मागवू नये, कारण उजेडाने रंगाबरोबर वासही उतरतो.

आपल्याकडील बारटेंडर अलीकडे देशी वनस्पतींचे प्रयोग करतात आणि त्यात दवण्याचा विषय निघतोच. चैत्रात जोतिबाला वाहिला जाणारा दवणा हा वर्मवुडच्याच आर्टेमिसिया प्रजातीतला, त्यामुळे ही कल्पना सुचणे साहजिक आहे. परंतु त्याचा वास फळांसारखा गोड आणि अत्तरी असतो, वर्मवुडचा कोरडेपणा त्यात नसतो. कॉर्प्स रिव्हायव्हरवर दवण्याची काडी मला चालते. ॲबसिंथच्या जागी दवण्याचा अर्क चालत नाही. युनानी औषधांच्या दुकानांत अफसंतीन नावाने वर्मवुडच विकले जाते, म्हणून ते व्होडकात भिजवून घरी ॲबसिंथ करण्याचे सल्ले कोणी देत असल्यास ते ऐकू नयेत. नुसते भिजवल्याने असह्य कडू काढा होतो, आणि त्यात थुजोन (वर्मवुडमधील, अति प्रमाणात विषारी ठरणारे रसायन) किती उतरले हे मोजायला आपल्याकडे काही साधन नसते.

थुजोनचा उल्लेख झाला म्हणून भ्रमांविषयी लिहितो. ॲबसिंथ प्यायल्यावर हिरवी परी दिसते वगैरे कथांना आधार नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९०५ साली लँफ्रे नावाच्या मजुराने पत्नी व मुलींचा खून केला, तेव्हा दोष ॲबसिंथवर गेला. त्या दिवशी त्याने वाइन आणि ब्रँडीही भरपूर प्यायली होती, हे बाजूला राहिले. १९१० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये आणि १९१५ मध्ये फ्रान्समध्ये बंदी आली. स्वित्झर्लंडने ती २००५ मध्ये उठवली, अमेरिकेत २००७ पासून विक्री पुन्हा सुरू झाली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत बंदीपूर्व काळातील १३ बाटल्यांमध्ये थुजोन लिटरमागे सरासरी सुमारे २५ मिलिग्रॅम आढळले, तर आज युरोपातील मर्यादा किलोमागे ३५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे जुने ॲबसिंथही काही वेगळेच रसायन होते असे नव्हे. त्या काळी लोक आजारी पडले ते मुख्यतः अल्कोहोलमुळे आणि स्वस्त मालातील भेसळीमुळे. आजही काळजी करायची ती तीव्रतेची. अपस्माराचा त्रास असणाऱ्यांनी आणि गर्भवतींनी ते टाळावे.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात बिअर व वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे, पण ॲबसिंथ हे स्पिरिट असल्याने २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार मद्यसेवनाचा परवाना लागतो आणि विदेशी मद्याचा एक दिवसाचा परवाना ५ रुपयांना बारमध्येच मिळतो. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आषाढी एकादशी आणि निवडणुकीच्या काळात ड्राय डे असतो, तेव्हा पाहुण्यांना घेऊन जाण्याआधी दिनदर्शिका पाहावी. गाडी चालवत जाऊ नये. रक्तातील मर्यादा १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅम आहे आणि दोन सॅझरॅकनंतर बहुतेकांची ती ओलांडलेली असते.

खाण्याच्या बाबतीत एवढेच सुचवेन की गरम मसाल्याचे पदार्थ आणि ॲनिस यांचे जमत नाही. लसूण-लोण्यातील कोळंबी, साध्या वाफवलेल्या तिसऱ्या किंवा खारे बदाम ठीक.

आपण परदेशी जात असाल तर स्वतःची बाटली आणणे हाही मार्ग आहे. भारतात येताना प्रवाशाला दोन लिटर मद्य शुल्काविना आणता येते. मात्र ७० टक्क्यांहून अधिक तीव्रतेचे मद्य विमानात कोणत्याही सामानात चालत नाही, त्यामुळे ७२ टक्क्यांची एखादी जुन्या घाटाची बाटली दुकानातच सोडावी लागेल. ५३ ते ६८ टक्क्यांमधील घ्यावी. सॅझरॅकमागे पाच मिली धरले, तर ७०० मिलीच्या बाटलीत १४० ग्लास होतात. म्हणजे घरी अधूनमधून बनवणाऱ्याला ती कित्येक वर्षे पुरेल. ती फ्रिजमध्ये ठेवू नये, कारण फार थंडीत ॲनेथॉलचे स्फटिक तळाशी बसू शकतात. तसे झालेच तर बाटली खोलीच्या तापमानाला आणून हलक्या हाताने हलवली की ते विरघळतात. बूच घट्ट लावून बंद कपाटात, खिडकीपासून दूर ठेवावी.